दहावीतल्या मुलीला चित्रकलेत पुढे जाऊ द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दहावीत आहे, गुहागर तालुक्यातल्या शाळेत. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली. मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून पेन्सिलीने हुबेहूब चेहरा काढते, त्यामुळे गावात कौतुक आहे. चित्रकलेचे सर म्हणतात, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवा. मुंबईचे मामा म्हणतात, आधी सायन्स घेऊ दे, चित्रं काय रविवारीही काढता येतात. तिचे बाबा काहीच बोलत नाहीत आणि तुम्हाला काळजी त्याचीच जास्त आहे.

मी उपयोजित कला शिकलो, मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात व्हिज्युअलायझर म्हणून, म्हणजे जाहिरात कशी दिसेल ते आधी रेखाटून दाखवणारा म्हणून, बरीच वर्षं काढली. आता वेंगुर्ल्याकडे असतो, मुलं येतात त्यांना शिकवतो. तेव्हा सांगतो ते त्या अनुभवावरून. चित्रकला तिला आजपासून गांभीर्याने घेऊ द्या. पण ती पोटापाण्याचा धंदा होणार की नाही, हे बारावीपर्यंत कुणालाच ठरवू देऊ नका. मामांना नाही, सरांनाही नाही. घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते. ‘गांभीर्याने’ म्हटलं की लोकांना लगेच कॉलेज, फी आणि नोकरी दिसू लागते. मुलीने रोज तासभर नीट बघून काढायला बसावं, याला ना कॉलेज लागतं ना फी, पण तेवढंच घडत नाही.

आधी तिच्या चित्रांबद्दल. तुम्ही पाठवलेली तिन्ही चित्रं पाहिली: गणपती, एक नट आणि आजीचा पासपोर्ट फोटोवरून काढलेला चेहरा. हात स्थिर आहे, छटा लावताना घाई नाही, प्रमाण चुकत नाही. दहावीच्या मानाने हे चांगलंच आहे. पण यावरून ती चित्रकार होईल का, याचं उत्तर देता येत नाही, कारण अवघड काम फोटोने आधीच करून ठेवलं होतं. समोरच्या माणसाला खोली असते, तो हलतो, त्याच्यावरचा उजेड बदलतो. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे काढणाऱ्याला ठरवावं लागतं. फोटोत ते सगळं ठरून, सपाट होऊन येतं. मग उरतं ते उतरवून घेणं. त्याला चिकाटी लागते, ती तिच्याकडे आहे. नजर आहे का, हे अजून कुणी तपासलेलं नाही, तिनेही नाही.

ते तपासायला तुमच्याइतकी सोयीची जागा मुंबईच्या मुलांना मिळत नाही. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात तिथे तिला वही घेऊन पाठवा. दोन्ही दोरांवर माणसं मागे झुकून ओढत असतात. पाय वाळूत रुतलेले, सगळा भार टाचेवर, कंबर मागे, मान पुढे. हे काढायला गेलं की पहिल्या दिवशी सगळी माणसं सरळ उभी येतात, दोर जणू शोभेला हातात धरलाय अशी. मग हळूहळू कळतं की आधी चेहरा नाही काढायचा, नाक-डोळे तर नाहीच. आधी टाचेपासून खांद्यापर्यंतची तिरकी रेघ, मग दोराची रेघ, आणि त्या दोघींमधला ताण. तो ताण आला की चेहरा नसला तरी माणूस ओढताना दिसतो. तो नसेल तर कितीही छटा लावा, माणूस उभाच राहतो. शिवाय रापणीवरची माणसं पोझ देत नाहीत. अर्ध्या मिनिटात हालचाल बदलते, त्यामुळे अर्धवट रेखाटनं पानभर पडतात आणि मुलाला वाटतं, आपल्याला येतच नाही. हे वाटणं फार महत्त्वाचं आहे. फोटोवरून काढणाऱ्या मुलांना ते कधी वाटलेलंच नसतं. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षी समोर मॉडेल बसवलं की त्यातली बरीच कोलमडतात. गावात आपण पहिले, इथे आपल्याला साधा बसलेला माणूस जमत नाही, हे एकोणिसाव्या वर्षी कळण्यापेक्षा पंधराव्या वर्षी गावच्या वाळूत कळलेलं बरं.

रापण नसेल तेव्हा मासळी बाजार आहे, एसटी स्टँड आहे. शिमग्याला पालखी नाचवतात, तेव्हा पालखीखालचे खांदे आहेत. मे महिन्यात आंबे भरणारे हात आहेत. साहित्यावर पैसे घालू नका. चार-बी, सहा-बी अशा मऊ, काळ्या पेन्सिली, साधं बॉलपेन आणि पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही पुरे. बॉलपेन मुद्दाम सांगतोय, कारण ते खोडता येत नाही. खोडरबर घेऊन बसलेली मुलं काढतात कमी आणि पुसतात जास्त. ड्रॉइंग टॅब्लेटची मागणी येईल, ती इतक्यात पुरवू नका.

एक कोकणातली अडचण, जी पुस्तकात लिहिलेली नसते. पावसाळ्यात आपल्याकडे कागद ओल धरतो, त्यावर बुरशीचे ठिपके येतात, आणि जुलैत दिलेला जलरंगाचा थर तासन्‌तास वाळत नाही. चित्रं पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, भिंतीला टेकवून नाही. जलरंग वाळत नाहीत म्हणून पावसाळ्यात रंग बंद ठेवायचीही गरज नाही. ओल्यावर ओलं कसं पसरतं, हे शिकायला तेच दिवस चांगले.

आता शिक्षणाचं. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत.

इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत गेला आहे ना, एवढं बघा. त्यापलीकडे त्या ग्रेडला फार अर्थ चिकटवू नका. ती परीक्षा चांगली आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची शिस्त लावते. पण संकल्पचित्राचे आणि स्मरणचित्राचे साचे वर्गात पाठ करून घेतले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पावसातला बाजार, छत्रीवाली बाई, डाव्या कोपऱ्यात झाड. तुमच्या मुलीचं स्मरणचित्र असंच असेल तर तो तिचा दोष नाही.

चार वर्षांची बी. एफ. ए. ही पदवी बारावीनंतर आहे आणि शाखा कुठलीही चालते. राज्याची सीईटी होते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे प्रात्यक्षिकाचे पेपर आणि सामान्यज्ञानाचा एक. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालचं. जाहिरात, अक्षरकला, इलस्ट्रेशन या बाजूची उपयोजित कला संस्था त्यातूनच 1961 मध्ये वेगळी झाली. 2023 मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचायचे, कुणा सिनिअरच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. डिझाइनकडे जायचं तर अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी. डेस. ही डिझाइनची पदवी आहे. त्या पदवीची यूसीड ही प्रवेश परीक्षाही कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, शांतिनिकेतनचं कलाभवन आहे. सर फक्त जे. जे. म्हणतात, कारण त्यांच्या तरुणपणी कोकणातल्या मुलाला तेवढं एकच दार दिसायचं. आता जवळही सोय आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, देवरुखला आहे. घरापासून जवळ म्हणजे कमी दर्जाचं, असं मनात धरू नका. दोन्ही ठिकाणी एकदा तिला घेऊन जा, वर्गात मुलं काय करताहेत ते बघा, भिंतीवर काय लावलंय ते बघा. भिंतीवर सगळी चित्रं एकाच हाताची वाटली तर सावध व्हा.

अकरावीला शाखा कुठली? मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यांचं कारण चुकलंय. सायन्स घ्यायचं खरं कारण एकच असू शकतं: तिला आर्किटेक्चर खुणावत असेल तर बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं. तशी शक्यता नसेल तर आर्ट्स घेऊ द्या, बिनधास्त. सायन्स म्हटलं की पाठोपाठ नीट-जेईईचे क्लास येतात, चिपळूण किंवा रत्नागिरीला ये-जा येते आणि दोन वर्षांत हातात पेन्सिल येत नाही. ‘रविवारी काढील’ असं म्हणणाऱ्यांनी बारावी सायन्सच्या मुलाचा रविवार बघितलेला नसतो. सायन्सच घ्यायचं ठरलं तर क्लास लावू नका. नुसतं कॉलेज करूनही बारावी बरी होते. आर्ट्सला घातली म्हणून गावात चार जण विचारतील, ‘मार्क कमी पडले काय?’ त्याची तयारी ठेवा.

पोटाचं काय, हा बाबांचा न विचारलेला प्रश्न असणार. तो योग्य आहे. त्याचं गोडगोड उत्तर मी देणार नाही.

नुसती चित्रं विकून घर चालवणारे चित्रकार फार थोडे. मुंबईत जहांगीरसारख्या गॅलरीत प्रदर्शन लावायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, खासगी गॅलरी विक्रीतला मोठा हिस्सा ठेवते, आणि फ्रेमिंग, वाहतूक, छपाई यात आधीच खिसा रिकामा झालेला असतो. माझ्या ओळखीचे बहुतेक चित्रकार शिकवतात, कामं घेतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचं चित्र काढतात. कलाशिक्षकाची पक्की नोकरी हा एके काळी कोकणातल्या मुलांचा हमखास रस्ता होता. आता शाळांतून अंशकालीन निदेशक नेमले जातात, मानधनावर. तो रस्ता डोळ्यासमोर ठेवून तिला घालू नका.

कामं आहेत ती वेगळ्या नावांची. पुस्तकांची चित्रं, ॲनिमेशन आणि गेमसाठी पात्रं आणि पार्श्वभूमी, वेष्टणं, अक्षररचना, मालिका-नाटकांचं नेपथ्य, कापडाची डिझाइन्स, मोबाइल ॲपचे पडदे, संग्रहालयातल्या जुन्या चित्रांची दुरुस्ती. यातल्या बहुतेक कामांत सुरुवातीचा पगार मुंबईच्या खोलीभाड्यापुढे अपुराच पडतो, दोनतीन वर्षं घरून मदत लागते. ती करायची तयारी आहे का, हे बाबांशी आत्ताच बोला. फीपेक्षा हा खर्च जास्त जाचतो आणि तो आधी कुणी सांगत नाही.

आणि एआय. मुलगी ज्या प्रकारची चित्रं आज काढते, फोटोसारखा चेहरा, गुळगुळीत छटा, ती आता यंत्र काही सेकंदात काढतं. घाबरवायला सांगत नाही. मी जाहिरातीत लागलो तेव्हा स्टुडिओत ब्रोमाइड, म्हणजे फोटोकागदावर छापलेला मजकूर, कापून रबर सोल्युशनने चिकटवणारे पेस्ट-अप आर्टिस्ट होते, रोटरिंग पेनने केसाएवढी रेघ मारणारे होते. त्यांच्या हाताला तोड नव्हती. कॉम्प्युटर आला आणि थोड्या वर्षांत ते टेबलच उठलं. आपल्या बाजारपेठांत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते, फ्लेक्सने त्यांचंही तेच केलं. दोन्ही वेळी तगले ते हाताने सर्वांत सफाईदार होते म्हणून नाही. काय दाखवायचं हे ज्यांना सुचत होतं, त्यांनी ब्रश ठेवून माऊस धरला. जे फक्त सांगितलेलं उत्तम करत होते, त्यांना काम सांगणारंच कुणी उरलं नाही. आताही तसंच होईल, फक्त जास्त वेगाने. म्हणून रापणीचा एवढा आग्रह धरतोय. टाचेवरच्या भाराचं काय करायचं हे जिला कळलं, तिला यंत्राने काढलेल्या चित्रात माणूस खोटा का उभा आहे हेही कळतं, आणि ते सांगता येणाऱ्याला काम आहे.

कोकणातून कुणी चित्रकार झालाय का, असं मामांनी विचारलं म्हणता. सावळाराम हळदणकर 1882 साली सावंतवाडीत जन्मले. दिव्याच्या ज्योतीपुढे हाताचा आडोसा धरलेल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगात आहे, तैलरंगात नाही. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड जलरंगात एकदा बिघडला की दुरुस्त होत नाही. ते काढलं तेव्हा हळदणकर साठी ओलांडलेले होते. मामांना तेवढं सांगा. पण मुलीला उदाहरण म्हणून मी दुसरंच दाखवीन. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर, एकेक चित्र समोर धरून गात सांगायचे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत छटा नाहीत, फोटोसारखं काही नाही. बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, ठाम रेघ. तरी कोण रागावलंय, कोण शरण आलंय, हे मागच्या रांगेतल्या माणसाला दिव्याच्या उजेडात कळायचं. हुबेहूब म्हणजेच चांगलं, ही तिची समजूत तिथे अर्ध्या तासात हलेल. चिपळूणहून रेल्वेने कुडाळला या, पुढे सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवतात तेही बघा. दशावतारी गंजिफेची एकशेवीस गोल पानं, प्रत्येक अवताराची बारा. तळहाताहून लहान जागेत चित्र बसवणं म्हणजे काय, ते कळेल. देवरुखला कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथलं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयही चुकवू नका. तिथे जुन्या मुंबई परंपरेतल्या चित्रकारांची मूळ चित्रं आहेत. मोबाइलवर ब्रशचा फटकारा दिसत नाही, मूळ चित्रात दिसतो.

मुलीचा कस लावायचाच असेल तर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, लावा. तुमच्या आसपास असेलच एखादी. नागपंचमीच्या सुमाराला लोक आपापले पाट आणून देतात, तेव्हा तिथे हात कमीच पडतात. पोराला पहिल्या वर्षी माती मळायला देतात, मग पॉलिश पेपर घासायला, मग पांढऱ्याचा हात, मग पितांबर. डोळे शेवटी, आणि ते शाळेचा मालक स्वतः आखतो. आमच्याकडचे एक म्हातारे मूर्तिकार नव्या पोरांना सांगायचे, “हात थरथरता तोवर डोळे आखूक जाव नको.” माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एका हंगामासाठी तिथे धाडतो. दोनशे पितांबरं एकाच पिवळ्यात रंगवून, पाठ मोडून, कुणीही ‘वा’ न म्हणता जे मूल घरी येऊन पुन्हा वही उघडतं, त्याच्याबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. काही मुलं आठ दिवसांत कंटाळतात. तीही हुशार असतात, पण त्यांना चित्रापेक्षा चित्राचं कौतुक आवडत असतं. अशांनी चित्रकला जरूर जपावी, पण तिच्यावर संसार उभा करू नये. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आयुष्यभर हौसेने काढणारे डॉक्टर आणि वकील मी पाहिलेत, त्यांची काही चित्रं माझ्याहून बरी आहेत.

मुलगी म्हणून वेगळं काही सांगू का, असंही तुम्ही लिहिलंय. एकच. मुलग्याला घरात विचारतात, ‘यातून कमावशील काय?’ मुलीला म्हणतात, ‘असू दे, छंद आहे.’ हे दुसरं वाक्य ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्याने मुलगी स्वतःच आपलं काम हलकं धरायला लागते. तिलाही कमाईचं विचारा. खडसावून विचारा.

तेव्हा मार्चपर्यंत अभ्यास. दहावी नीट होऊ द्या, चित्रकलेच्या नावाखाली गणित बुडवायची मुभा नाही. परीक्षा संपली की एप्रिल आणि मे तिचे. या दोन महिन्यांत फोटोवरून एकही चित्र काढायचं नाही. रोज वही, रोज बाहेर, जिवंत माणसं आणि जनावरं, पानावर तारीख. तुम्ही ‘छान’ म्हणू नका, ‘हे काय’ म्हणूनही हसू नका, काहीच बोलू नका. पाहुण्यांना वही दाखवायची नाही. एखाद्या दिवशी बाबांना तिच्याबरोबर किनाऱ्यावर पाठवा, काही न सांगता. तासभर ती काढतेय आणि ते बसलेत, एवढंच. ते गप्प का आहेत ते त्यांना विचारण्यापेक्षा याने लवकर कळेल.

पावसाच्या तोंडावर वही मला पोस्टाने पाठवा. चांगली पानं निवडून नको, फाडलेली असतील तर ती पानंसुद्धा आत घालून. अकरावीची शाखा त्याच्यानंतर बोलू.